भ्यायचं काम कुणाचं?

३१ डिसेंबर २०२५ ला सौदी अरेबियात, राजधानी रियाधपासून साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, किद्दिया नावाच्या नव्या शहरात एक मोठा पार्क उघडला. नाव सिक्स फ्लॅग्ज किद्दिया सिटी. त्यात 'फाल्कन्स फ्लाइट' नावाचा रोलर कोस्टर आहे. उंची सुमारे १९५ मीटर. वेग ताशी २५० किलोमीटर. रुळाची लांबी सव्वाचार किलोमीटर. जगातला सगळ्यात उंच, सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात लांब, असे तिन्ही विक्रम एकाच रोलर कोस्टरच्या नावावर आहेत.

आकडे नुसते वाचून काही कळत नाही, म्हणून आपल्या हिशेबात सांगतो. कुतुबमिनार ७३ मीटरच्या आसपास आहे. दोन कुतुबमिनार एकावर एक ठेवले आणि वर अर्धा चढवला, तरी ही उंची गाठत नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कारला ताशी १०० ची मर्यादा आहे. वंदे भारत जास्तीत जास्त १६० नं धावते. हा पाळणा २५०. म्हणजे सेकंदाला जवळपास ७० मीटर, क्रिकेटच्या साडेतीन खेळपट्ट्या. डोळा मिटून उघडेपर्यंत गाडी कुठल्या कुठे गेलेली असणार. पुढच्या डब्याला काच लावलीय, कारण वाळवंटातली वाळू आणि किडे एवढ्या वेगात तोंडावर आले तर काय होईल ते सांगायला नको.

गेले काही दिवस याचे व्हिडिओ आपल्याकडेही फिरतायत. त्याखालच्या कमेंट वाचल्या तर दोन गट दिसतात. एक म्हणतो, "आयुष्यात एकदा तरी." दुसरा म्हणतो, "पैसे देऊन मरायला कोण जाईल?" मला दोघांचंही पटतं, आणि दोघांचंही अर्धंच पटतं.

आमच्या ओळखीतला एक पोरगा रियाधला एसीचं काम करतो. नांदेडकडचाच. त्यानं परवा मेसेज टाकला, "काका, आम्ही सहा जण मिळून जायचं म्हणतोय. तिकीट ३२५ रियाल आहे. पण खरं सांगू का, रात्री व्हिडिओ बघितला की पोटात गोळा येतो." ३२५ रियाल म्हणजे आपले साडेसात-आठ हजार रुपये. गावाकडे पैसे पाठवणाऱ्या पोरासाठी ही छोटी रक्कम नाही. तरी जायचंय. आणि भीतीही वाटतेय. या दोन गोष्टी एकत्र कशा राहतात, आणि त्या भीतीचं नेमकं काय करायचं, यावर आज जरा सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा.

वेगाला कुणी भीत नाही

आधी एक साधी गोष्ट. नुसत्या वेगानं माणसाला काहीच होत नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्या हिशेबानं आपण महाराष्ट्रात बसल्या जागी ताशी दीड हजार किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं फिरतोय. चहा सांडत नाही. शरीराला कळतो तो वेगातला बदल. एकदम जोरात सुटणं, एकदम थांबणं, एकदम वळणं, एकदम खाली पडणं. एसटीचा ड्रायव्हर ६० नं गाडी चालवतो तेव्हा आपण झोपतो, आणि खड्डा बघून ब्रेक मारतो तेव्हा सगळी गाडी देवाचं नाव घेते. फरक तिथं आहे.

रोलर कोस्टर बनवणाऱ्यांचं सगळं कौशल्य या 'बदला'त असतं. किती वेळात, किती जोरानं, शरीराच्या कुठल्या बाजूला. हे गणित चुकलं की काय होतं त्याचं उदाहरण जपानमध्ये आहे. फुजी-क्यू हायलँड पार्कमध्ये 'दो-दोदोन्पा' नावाचा कोस्टर होता. शून्यापासून ताशी १८० किलोमीटर, अवघ्या १.५६ सेकंदात. एवढ्या झटक्यानं सुटणारा दुसरा जगात नव्हता, तोच त्याचा विक्रम. मग मानेची, पाठीची हाडं मोडल्याच्या तक्रारी यायला लागल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये तो थांबवला. मार्च २०२४ मध्ये कायमचा बंद केल्याचं जाहीर झालं. गाडी रुळावरून उतरली नाही, काही तुटलं नाही. तुटली ती माणसांची हाडं.

आता दुसरी बाजू. या यंत्रांत काही गोष्टी इतक्या शहाणपणाच्या आहेत की त्या कळल्यावर भीती अर्धी होते. कोस्टरची चाकं रुळाला वरून, बाजूनं आणि खालून अशी तिन्हीकडून धरतात. खालून धरणाऱ्या चाकाचं पेटंट अमेरिकेच्या जॉन मिलरनं १९१९ मध्ये घेतलं. म्हणून गाडी उलटी झाली तरी रूळ सोडत नाही. आजच्या मोठ्या कोस्टरचे बरेचसे ब्रेक चुंबकाचे असतात. धातूची पट्टी कायम चुंबकांच्या मधून गेली की आपोआप वेग कमी होतो. त्याला वीज लागत नाही. लाईट गेली तरी लागणारा ब्रेक! आपल्याकडे लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या माणसाला याची किंमत जास्त कळेल.

आणि सगळा रूळ टप्प्यांत वाटलेला असतो. रेल्वेच्या सिग्नलसारखं. पुढच्या टप्प्यात गाडी असेल तर मागची गाडी पुढं सोडली जात नाही. माणूस बसायच्या आधी गाड्या रिकाम्या पळवतात, मग पाणी भरलेले पुतळे बसवून पळवतात. असं पुन्हा पुन्हा.

थोडक्यात, आपण खुर्चीत बसून "आता मेलो" असं ओरडतो, ते मजेत ओरडता येतं, कारण आपल्या वाटणीचं भ्यायचं काम आधीच दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलेलं असतं. डिझाइन करणारा भ्यालेला असतो. चाक तपासणारा भ्यालेला असतो. सकाळी सहा वाजता रुळावर चढून बोल्ट बघणारा भ्यालेला असतो. त्यांची भीती खरी, आपली उसनी. या धंद्याचा पाया हाच आहे.

विक्रम कसे होतात, कसे जातात

१८८४ साली न्यू यॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसन नावाच्या माणसानं 'स्विचबॅक रेल्वे' सुरू केली. तिकीट पाच सेंट, वेग ताशी दहा किलोमीटरच्या आत-बाहेर. आपली पोरं सायकलवर त्याहून जोरात जातात. तरी लोक रांगा लावून बसायचे, किंचाळायचे. माणूस तेव्हाही तोच होता.

तिथून शंभर वर्षांत उंची हळूहळू वाढत गेली. १९८९ मध्ये अमेरिकेच्या सीडर पॉइंट पार्कमधल्या 'मॅग्नम'नं ६० मीटर ओलांडले. मग एकदम शर्यत सुरू झाली. २००० मध्ये त्याच पार्कात 'मिलेनियम फोर्स', ९४ मीटर. २००३ मध्ये पुन्हा तिथंच 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर', १२८ मीटर. २००५ मध्ये न्यू जर्सीत 'किंगडा का', १३९ मीटर. तिथं शर्यत जवळपास वीस वर्षं थांबली. वेगाचा विक्रम २०१० मध्ये अबुधाबीच्या फेरारी वर्ल्डमधल्या 'फॉर्म्युला रोसा'कडे गेला, ताशी २४०. आता त्याच्यापुढं किद्दिया.

'किंगडा का'चं शेवटचं सांगतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तो बंद केला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला सुरुंग लावून पाडला. काही सेकंदांत जमीनदोस्त. जगातला सगळ्यात उंच कोस्टर ज्या वर्षी पाडला, त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याच्याहून उंच उघडला. विक्रमाचं आयुष्य एवढंच. 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर'चा विक्रम तर दोनच वर्षं टिकला होता.

म्हणून मला 'विक्रम' या शब्दाची जरा धास्ती वाटते. कारण विक्रम करायचा असला की प्रश्न बदलतो. "हे किती चांगलं, किती सुरक्षित होईल?" याच्या जागी "त्या दुसऱ्यापेक्षा किती जास्त होईल?" हा प्रश्न येतो.

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात एका वॉटरपार्कनं २०१४ मध्ये जगातली सगळ्यात उंच पाण्याची घसरगुंडी सुरू केली. सुमारे ५१ मीटर. नाव 'फरुक्ट', जर्मन भाषेत त्याचा अर्थ वेडं. चाचणीत वाळूच्या पोत्यांसकट होडी हवेत उडाली होती. मग रचना बदलली, पुन्हा चाचणी, पुन्हा बदल. शेवटी सुरू झाली. ७ ऑगस्ट २०१६ ला त्या होडीतून दहा वर्षांचा एक मुलगा गेला आणि जिवंत परत आला नाही. त्या दिवशी पार्कात लोकप्रतिनिधी आणि त्यांच्या कुटुंबांना बोलावलेलं होतं. मुलाचे वडील तिथल्या विधिमंडळाचे सदस्य होते. पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, कॅन्ससनं अशा खेळांच्या तपासणीचा कायदा कडक केला. घसरगुंडी २०१८ मध्ये पाडली.

हे वाचून आपल्यातले काही म्हणतील, बघा, आमदाराचं लेकरू गेलं तेव्हा कायदा आला. माझ्याही मनात तेच आलं. पण मला त्याहून जास्त खटकतं ते हे, की तो विक्रम सुरू झाला तेव्हा जगभर बातम्या झाल्या. आणि विक्रम करणाऱ्याला तपासणारं कुणी आहे का, हा प्रश्न एक मूल गेल्यावर पुढं आला. आमच्या धंद्यातली माणसं तिथं होती, कॅमेरे होते. प्रश्न नव्हता.

यंत्र थांबलं, माणूस थांबला नाही

आता इंग्लंडमधला प्रसंग. अल्टन टॉवर्स पार्क, 'स्मायलर' नावाचा कोस्टर. चौदा वेळा उलटं करणारा, त्यासाठी जागतिक विक्रम. २ जून २०१५. वारं जोराचं होतं. रिकामी सोडलेली एक गाडी रुळावर मधेच अडकली. मागं सोळा माणसांची गाडी तयार होती. यंत्रणेनं ती गाडी रोखून धरली. अगदी बरोबर केलं. पुढचा टप्पा मोकळा नाही, मी सोडत नाही, असं यंत्र सांगत होतं.

खाली उभ्या माणसांना पुढची अडकलेली गाडी माहीत नव्हती. त्यांना वाटलं, यंत्रणेत काहीतरी खोट आहे, उगाच अडवतेय. त्यांनी तो अडथळा हातानं बाजूला केला. सोळा माणसांची गाडी जाऊन रिकाम्या गाडीवर आदळली. पाच जण गंभीर जखमी झाले. दोन तरुणींचा एकेक पाय कापावा लागला. लोकांना खाली उतरवायला चार तासांहून जास्त लागले. पुढच्या वर्षी कोर्टानं पार्क चालवणाऱ्या कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड केला.

त्या दिवशी यंत्र घाबरलं होतं. माणूस घाबरला नाही. रांग वाढत होती, लोक वैतागले होते. घाबरायला वेळ नव्हता.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की फाल्कन्स फ्लाइटच्या १९५ मीटरला भिऊ नका. त्या उंचीला पुष्कळ जण आधीच भ्यालेत. बनवणारी कंपनी इंटामिन, म्हणजे 'मिलेनियम फोर्स', 'ड्रॅगस्टर', 'किंगडा का' आणि 'फॉर्म्युला रोसा' बनवणारीच. कड्यावरून सुमारे १५८ मीटर खाली झेपावताना नुसत्या उतारावर २५० चा वेग येत नाही, म्हणून विजेवरच्या चुंबकांनी गाडीला पुढं ढकलावं लागतं. हे सगळं मोजून-मापून झालेलं असतं. भ्यायचं असेल तर घाईला भ्या.

आणि इथं मला एका गोष्टीचं बरं वाटतं. हा कोस्टर २०१९ मध्ये जाहीर झाला तेव्हा २०२३ ला सुरू करायचं म्हणत होते. दोन-अडीच वर्षं उशीर झाला. आपण पत्रकार अशा वेळी काय छापतो? 'मुहूर्त हुकला', 'प्रकल्प रखडला'. पूल रखडला तर जरूर छापा, तिथं लोकांची वाट बंद असते. पण रोलर कोस्टर रखडला तर कुणाची वाट बंद होते? उशीर म्हणजे कदाचित कुणीतरी "अजून नाही" म्हणालं. हे म्हणणारा माणूस ज्या प्रकल्पात असतो, तिथं बसायला मी तयार आहे.

'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर'चंच बघा. ऑगस्ट २०२१ मध्ये गाडीचा एक धातूचा तुकडा सुटून खाली रांगेत उभ्या बाईच्या डोक्याला लागला. मेंदूला गंभीर इजा. गाडीत बसलेली नव्हती हो, रांगेत उभी होती. कोस्टर बंद झाला. नव्या यंत्रणेसह मे २०२४ मध्ये 'टॉप थ्रिल २' म्हणून उघडला आणि आठवडाभरातच पुन्हा बंद केला, कारण गाड्यांमध्ये बदल करणं गरजेचं वाटलं. सगळा हंगाम बुडाला. लांबून आलेले हौशी लोक चिडले, थट्टा झाली, मीम्स फिरले. २०२५ मध्ये तो परत सुरू झाला. लोकांना ती नामुष्की वाटली. मला ती त्या पार्कची सगळ्यात चांगली बातमी वाटते.

सौदीत मात्र एक दडपण वेगळं आहे, ते लपवून उपयोग नाही. हा नुसता पाळणा नाही, देशाच्या प्रतिष्ठेचा प्रकल्प आहे. ज्या देशात २०१८ पर्यंत पस्तीसेक वर्षं सिनेमा थिएटरं बंद होती, तो देश आता जगाला सांगतोय की करमणुकीतही आम्हीच पहिले. तारीख ठरली, पाहुणे ठरले की "अजून नाही" म्हणायला छाती लागते. २०२५ च्या जुलैअखेर त्याच देशात ताइफ जवळच्या एका पार्कात हवेत झुलणारा पाळणा चालू असताना मधोमध मोडला आणि वीसहून जास्त माणसं जखमी झाली. त्या पाळण्याच्या नावावर कुठलाच विक्रम नव्हता. जगाचं लक्ष किद्दियाकडं होतं.

आपल्याकडची भीती

आता घराकडं येतो, कारण माझी खरी काळजी इथली आहे.

आपल्या राज्यात मोठा कोस्टर बघायचा तर खोपोलीजवळ इमॅजिकात 'नायट्रो' आहे, २०१३ पासून. चाळीसेक मीटर उंच, वेग ताशी शंभरच्या वर. स्वित्झर्लंडच्या नामांकित कंपनीनं बनवलेला. पण आपल्यातले किती जण तिथं जातात? आपला खरा रोलर कोस्टर जत्रेत असतो. दत्तजयंतीपासून हंगाम सुरू होतो. सारंगखेडा, माळेगाव, पुसेगाव, आणि मग गावोगावच्या यात्रा-उरूस माघ-चैत्रापर्यंत. आकाशपाळणा, ब्रेकडान्स, होडी, ड्रॅगन ट्रेन, मौत का कुआँ. लाखो लेकरं तिथं बसतात. तिकीट पन्नास रुपये, फार तर शंभर.

आणि आपल्याकडं काय झालंय ते आठवा. १४ जुलै २०१९, अहमदाबादचं कांकरिया. लंबकासारखा झुलणारा पाळणा मोडून खाली आला. दोघं गेले, पंचवीसहून जास्त जखमी. सप्टेंबर २०२२, मोहालीचा मेळा. वर गेलेला पाळणा माणसांसकट धाडकन खाली आला, त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल. एप्रिल २०२५, दिल्लीतल्या एका पार्कात रोलर कोस्टरवरून पडून चोवीस वर्षांची मुलगी गेली. यातला एकही खेळ जगात उंच नव्हता, वेगवान नव्हता. कुठल्याच यादीत नव्हता. उंचीनं जीव घेतला नाही.

मी वीस-बावीस वर्षं यात्रेच्या बातम्या करतोय. मथळा ठरलेला असतो, 'यात्रेत भाविकांची अलोट गर्दी', 'पाळण्यांनी वेधले लक्ष'. अपघात झाला की मथळा बदलतो, 'विनापरवाना पाळणा'. मग दोन दिवस धरपकड, सगळ्या जिल्ह्यात पाळणे बंद, आणि पंधरा दिवसांनी परत चालू. या दोन बातम्यांच्या मधली बातमी कुणी करत नाही. पाळणा तपासला कुणी? कधी? काय सापडलं? त्या कागदावर सही कुणाची आहे? सही करणारा माणूस पाळण्याजवळ तरी गेला होता का?

यात पाळणेवाल्यांना शिव्या घालायचा माझा हेतू नाही. एक जुने पाळणेवाले मामा दरवर्षी आमच्याकडे येतात. पहाटे थंडीत ते स्वतः हातोडी घेऊन सांगाड्याभोवती फिरतात. प्रत्येक जोडावर ठोकतात आणि कान देऊन आवाज ऐकतात. ढिला बोल्ट वेगळा वाजतो म्हणे. मी एकदा विचारलं, एवढी वर्षं झाली, अजून रोज कशाला? तर म्हणाले, "सायेब, मला भेव वाटायचं बंद झालं ना, त्या दिशी धंदा इकून टाकीन." या माणसाला कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलेलं नाही. पण स्वित्झर्लंडचा डिझायनर आणि हा माणूस एकच काम करतायत. लोकांच्या वाटणीचं भिणं.

अडचण अशी आहे की हे सगळं त्या एका मामांच्या स्वभावावर चाललंय. पुढच्या वर्षी त्यांच्या जागी त्यांचा भाचा येईल, त्याला झोप लागेल, तर? वेल्डिंगच्या आतली चीर हातोडीच्या आवाजात कळेलच असं नाही, तर? पाळणा दर आठ-पंधरा दिवसांनी खोलायचा, ट्रकात भरायचा, दुसऱ्या गावाला नेऊन रात्रीतून उभा करायचा. पार्कातला कोस्टर एकदा उभा राहिला की वर्षानुवर्षं तिथंच असतो. जत्रेतला पाळणा दरवेळी नवा जन्म घेतो. म्हणजे खरं तर त्याची तपासणी जास्त व्हायला पाहिजे. अशा खेळांसाठी भारतीय मानक ब्युरोचं मानक आहे. पण मानक पुस्तकात असतं, पाळणा मैदानात असतो. मधलं अंतर कुणी चालायचं?

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो फालतू नाही. "एवढे नियम लावले तर पाळणे बंद पडतील. गरिबाच्या लेकरानं काय इमॅजिकाला जायचं?" खरंय. बंदी हा उपाय नाहीच. बंदी म्हणजे सरकारनं स्वतःचं काम टाळायचा सोपा रस्ता. बंदी घातली की तपासणारा माणूस नेमावा लागत नाही. मला तर वाटतं, तपासणीचा खर्च पाळणेवाल्याच्या गळ्यात मारू नये. यात्रेच्या जागेचा लिलाव लाखांत जातो, त्यातूनच यांत्रिक तपासणीचे पैसे बाजूला काढावेत. मंडपावर, कमानीवर, नेत्यांच्या स्वागत-फलकांवर होणारा खर्च बघता हे काही अवघड नाही. पन्नास रुपयांच्या तिकिटात बसणाऱ्या लेकराला साडेसात हजारांच्या तिकिटातला थरार मिळणार नाही, ठीक आहे. पण त्याच्या वाटणीचं भ्यायला कुणीतरी असलंच पाहिजे. यात गरीब-श्रीमंत असा फरक नको.

मग काय करायचं?

रियाधच्या पोराला मी कळवलं, जा. पण पहिल्याच दिवशी कशाला? महिना-दोन महिने जाऊ दे, चालवणाऱ्यांचा हात बसू दे. आणि तिथला कर्मचारी पट्टा दुसऱ्यांदा ओढून बघायला आला तर वैतागू नको. गाडी अर्धा तास थांबवून ठेवली तरी वैतागू नको. स्मायलरच्या त्या गाडीला अजून काही मिनिटं तशीच थांबवली असती, तर दोन मुलींचे पाय आज जागेवर असते.

आपण इथले. या हंगामात लेकरांना घेऊन यात्रेला गेलात तर पाळण्यात बसायच्या आधी पाच गोष्टी बघा किंवा विचारा.

१. यांत्रिक तपासणीचा दाखला आहे का, आणि त्यावरची तारीख पाळणा इथं उभा केल्यानंतरची आहे का? मागच्या गावचा कागद चालत नाही.

२. पाळण्याचा पाया कशावर आहे? लाकडी ठोकळे, विटा, ओली माती दिसली तर लेकराला हाताला धरून पुढं चला.

३. पट्टा किंवा दांडा प्रत्येक जागेला आहे का, आणि चालवणारा तो स्वतः ओढून बघतो का?

४. वायरी जमिनीवर उघड्या पसरल्यात का? जनरेटर कुठं आहे?

५. चालवणारा कोण आहे? पोरगेलं वय, हातात मोबाइल, समोर लांब रांग, असं असेल तर थांबा.

विचारलं तर लोक हसतील. "काय राव, एवढं काय घाबरता?" म्हणतील. हसू द्या. एकानं विचारलं तर तो भित्रा ठरतो. पन्नास जणांनी विचारलं तर दुसऱ्या दिवशी दाखला तिकीटखिडकीवर चिकटवलेला असतो. आणि यात्रा कमिटीत, नगरपालिकेत, ग्रामपंचायतीत तुमच्या ओळखीचे सदस्य असतील, तर त्यांना एवढंच सांगा की दाखल्याची प्रत मोठ्या अक्षरांत पाळण्यासमोर लावायची अट पुढच्या लिलावात घाला. त्याला एक रुपया खर्च येत नाही.

माझ्या पत्रकार मित्रांनाही हात जोडून विनंती. किद्दियाच्या बातम्या करा, व्हिडिओ लावा, लोकांना बघायला आवडतं. पण त्याच आठवड्यात आपापल्या तालुक्यातल्या एका पाळण्याचा दाखला मागा. मिळाला तर त्याची बातमी करा, 'पाळणा तपासला, सुरक्षित आढळला'. असा मथळा मी आजवर कुठल्याच पेपरात वाचलेला नाही. नाही मिळाला तर त्याचीही बातमी करा. अपघाताची वाट बघू नका.

तुमच्या गावच्या यात्रेत तपासणी कोण करतं, दाखला कुठं लावतात, हे माहीत असेल तर कमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा. कुठं चांगलं काम होत असेल तर तेही लिहा, बाकीच्यांना दाखवायला उपयोगी पडेल.